साह्य किती व कोठवर ?

एका वर्गांत बसणारीं सर्व मुलें सारख्याच वेगानें शिकत नाहींत, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं कोणास नवी वाटणार नाहीं. परंतु कांहीं बालकांची अडचण केवळ वेगाची नसते. कोणास दिसत नाहीं, कोणास ऐकूं येत नाहीं; कोणास बोललेलें समजतें पण छापलेलें वाचतां येत नाहीं; कोणास गर्दी व गोंगाट सोसवत नाहीं. अशीं बालकें पूर्वीं बहुधा घरींच राहत किंवा निराळ्या संस्थांत जात. आतां त्यांनीं इतर मुलांच्या बरोबरीनें एकाच शाळेंत शिकावें, असें अनेक देशांनीं ठरविलें आहे. आपल्या देशांतही इ. स. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानें सरकारी मदत वा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांवर अशा मुलांस भेदभाव न करितां प्रवेश देण्याचें व ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणें साह्य पुरविण्याचें कर्तव्य घातलें आहे.

हें साह्य पुष्कळदां एका व्यक्तीच्या रूपानें येतें. वर्गशिक्षक चाळीस मुलांस शिकवीत असतां त्या एका बालकाच्या शेजारीं एक साहाय्यक बसतो व त्यास धडा समजावून देतो. ही योजना ऐकतांच कोणालाही पसंत पडेल. मात्र शेजारीं बसणाऱ्यानें किती साह्य करावें व कोठें थांबावें, यावर त्या बालकाचें सारें शिक्षण अवलंबून असतें. म्हणून या प्रश्नाचा थोडा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

एका शिक्षकानें एकाच बालकास शिकविल्याचें जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे हेलन केलर व तिची शिक्षिका ॲन सलिव्हन यांचें होय. हेलनचा जन्म इ. स. १८८० मध्यें अमेरिकेंतील अलाबामा प्रांतांत टस्कंबिया गांवीं झाला. एकोणीस महिन्यांची असतां आलेल्या दुखण्यानें तिची दृष्टि व श्रवणशक्ति दोन्ही गेलीं. पुढें मार्च १८८७ मध्यें वीस वर्षांची ॲन तिला शिकविण्यासाठीं आली. ॲनची स्वतःची दृष्टिही अधू होती, व बॉस्टन येथील पर्किन्स अंधशाळेंत तिचें शिक्षण झालें होतें. घरच्या माणसांनीं कींव येऊन हेलनला कशालाही मज्जाव केला नव्हता. जेवतांना ती हव्या त्याच्या ताटांतून हातानें घास उचलीत असे. ॲननें हें चालूं दिलें नाहीं. हेलननें आपल्याच ताटांतलें खावें, चमचा धरावा, रुमालाची घडी आपण घालावी, असा तिनें आग्रह धरला. कींव निराळी व साह्य निराळें, हें या तरुण शिक्षिकेनें आरंभींच ओळखलें होतें. त्यानंतर एप्रिल महिन्यांत पंपाचें पाणी हेलनच्या एका हातावर पडत असतां ॲननें दुसऱ्या हातावर बोटांच्या खुणांनीं ‘पाणी’ या शब्दाचीं अक्षरें उमटविलीं, आणि प्रत्येक वस्तूस नांव असतें हें त्या बालिकेस उमगलें.

पुढें हेलन रॅडक्लिफ कॉलेजांत शिकून १९०४ सालीं पदवीधर झाली. तेथें ॲन तिच्या शेजारीं बसे व अध्यापकांचें व्याख्यान तिच्या तळहातावर उतरवीत असे. परंतु १८९९ सालच्या प्रवेशपरीक्षेंत प्रश्नपत्रिका वाचून दाखविण्यास ॲनला परवानगी मिळाली नाहीं. दुसऱ्या एका गृहस्थांनीं त्या ब्रेल लिपींत उतरवून दिल्या. हेलन त्याही परीक्षेंत उत्तीर्ण झाली. ॲननें तिला डोळे व कान उसने दिले होते; विचार उसना दिला नव्हता. आमच्या मतें साऱ्या प्रश्नाचें मर्म येथेंच आहे. चष्मा, श्रवणयंत्र, ब्रेलची पुस्तकें किंवा ॲनचीं बोटें हें साह्य ज्ञान आंत येण्याची वाट होय. तें जन्मभर लागलें तरी त्यांत कमीपणा नाहीं. परंतु जें काम बालकास स्वतः शिकतां येण्याजोगें आहे, तें त्याच्याऐवजीं करून टाकणें हें साह्य नव्हे.

ही एका शिक्षिकेची गोष्ट झाली. अनेक शाळांतून साहाय्यक नेमले असतां काय घडतें, याचा तपास लंडन विद्यापीठांतील पीटर ब्लॅचफर्ड व त्यांचे सहकारी यांनीं इ. स. २००३ ते २००८ या काळांत इंग्लंड व वेल्समधील शाळांतून केला. निष्कर्ष अनपेक्षित निघाला. ज्यांस साहाय्यकाचें साह्य अधिक मिळालें, त्यांची प्रगति तशाच पात्रतेच्या व तशाच अडचणी असलेल्या, परंतु कमी साह्य मिळालेल्या मुलांहून मंद होती. दोष साहाय्यकांच्या निष्ठेचा नव्हता. त्यांस पुरेसें शिक्षण दिलेलें नव्हतें. धड्याविषयीं वर्गशिक्षकाशीं आधीं बोलण्यास वेळ मिळत नसे. आणि वहींतील काम वेळेवर पुरें व्हावें याकडेच त्यांचें लक्ष अधिक राही, त्यामुळें उत्तर त्यांच्याच तोंडून निघे. शिवाय साहाय्यक जवळ आहे म्हणून शिक्षक त्या मुलाकडे कमी येत व सोबतीही त्याच्याशीं कमी बोलत. वर्गांत बसूनही तें मूल वर्गाबाहेर पडे.

यावरून साहाय्यक नकोत असें म्हणणें मात्र चुकीचें होईल. नीट शिकविलेल्या साहाय्यकांनीं आंखून दिलेले लहान लहान पाठ घेतले असतां मुलें चांगलीं पुढें जातात, असेंही आढळून आलें आहे. म्हणजे प्रश्न साह्य असावें कीं नसावें हा नसून तें कसें असावें हा आहे. इ. स. १९७६ मध्यें वुड, ब्रूनर व रॉस या मानसशास्त्रज्ञांनीं तीन ते पांच वर्षांच्या मुलांस लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचावयास देऊन, जवळ बसलेल्या शिक्षिकेचें साह्य कसें उपयोगी पडतें तें पाहिलें. आणि अशा साह्यास त्यांनीं परांचीची उपमा दिली. भिंत उभी होईपर्यंत परांची हवी. पण ती काढावयाचीच असते, हें बांधतांनाच ठाऊक असतें.

हें व्यवहारांत कसें आणावें ? समजा, एका बालकास तीन व दोन चिंचोके मिळून किती, असें विचारलें. साहाय्यकानें प्रथम मनांत दहा आंकडे मोजीपर्यंत स्वस्थ राहावें. कित्येक मुलांस उत्तर येत असतें, वेळ मात्र लागतो. तेवढ्यानें न भागल्यास चिंचोक्यांकडे बोट दाखवावें. नंतर ‘एकत्र करून मोज पाहूं,’ असें म्हणावें. मग निराळे चिंचोके घेऊन स्वतः मोजून दाखवावे. हात धरून मोजविणें ही अगदीं शेवटची पायरी. दुसऱ्या दिवशीं एक पायरी कमी लागली, तर तीच त्या दिवसाची प्रगति. साहाय्यकानें सदैव खेटून न बसतां मधून मधून दुसऱ्या मुलांकडेही जावें, आणि वर्गशिक्षकानें त्या बालकास रोज स्वतः शिकवावें. कारण तो विद्यार्थी वर्गशिक्षकाचाच आहे.

पालकांसही हाच नियम लागू आहे. सदऱ्यास पांच बटणें असतील तर पहिल्या दिवशीं चार आपण लावावीं व शेवटचें मुलाकडून लावून घ्यावें; पुढें दोन, मग तीन. या उलट्या क्रमांत युक्ति अशी कीं, काम पुरें केल्याचा आनंद रोज मुलालाच मिळतो. आणि शाळेंत चौकशी करितांना, ‘माझ्या मुलास साहाय्यक आहे ना ?’ एवढेंच विचारून थांबूं नये. ‘साहाय्यक रजेवर असला म्हणजे माझें मूल वर्गांत काय करतें ?’ असें विचारावें. ‘त्या दिवशीं त्यास घरीं ठेवा,’ असें उत्तर आलें, तर मुलाची जागा वर्गांत अजून झालेली नाहीं असें समजावें व ती करून घेण्याचा आग्रह धरावा.

विद्यार्थिमित्रहो, यांत तुमचाही वांटा मोठा आहे. असा सोबती तुमच्या वर्गांत असेल तर त्याला काय हवें तें त्यालाच विचारा, शेजारच्या साहाय्यकाला नव्हे. तो उत्तर जुळवीत असतां मध्येंच शब्द पुरवूं नका. खेळाच्या वेळीं त्याला गुण मोजण्यास एका बाजूस बसवूं नका. नियम थोडा बदला व त्याला खेळावयास घ्या. साहाय्यकाला पगार देऊन आणतां येतें; सोबती मात्र तुम्हांवांचून त्याला कोण मिळवून देणार ?