बैलाच्या खांद्यावरील गाठ : सुई काय सांगते?



गळीत हंगाम निम्म्यावर आला की पणदरे-माळेगाव रस्त्याला उसाच्या गाड्यांत एखादा तरी बैल मान तिरकी धरून चालताना दिसतो. जुवाखाली गाठ आलेली असते. मग कोणी डाग द्या म्हणतो, कोणी चिरा म्हणतो. आमचे म्हणणे असे की डाग किंवा चाकू लावण्याआधी त्या गाठीत सुई घालून तपासून घ्यावे.

ताजी सूज हाताला गरम लागते आणि बैल हात लावू देत नाही. पू धरला की गाठ मऊ पडते. पण जुनी, टणक, न दुखणारी गाठ आवाळू असू शकते. कातडीखाली मांस-हाडांना बांधून ठेवणारे जे तंतू असतात, त्या संयोजी ऊतकाची ती वाढ. (२०२२ च्या लम्पीच्या साथीत अंगभर उठलेल्या गाठी विषाणूच्या होत्या, तो प्रकार निराळा.)

पशुवैद्यक बारीक सुईने गाठीतला अंश ओढतात, काचपट्टीवर पसरून वाळवतात आणि रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पू असला तर पांढऱ्या पेशींची गर्दी दिसते. संयोजी ऊतकाच्या पेशी सूत कातायच्या चातीसारख्या, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळत्या. त्या तंतूंत घट्ट अडकलेल्या असल्याने सुईत थोड्याच येतात. तेव्हा पट्टी जवळजवळ कोरी निघाली म्हणून गाठ निर्धोक समजू नये. शिंगाच्या कर्करोगाचे उलट आहे. तो आवरणाच्या पेशींचा, आणि त्या पेशी झुपक्यांनी निघतात.

चातीसारख्या पेशींची केंद्रके लहानमोठी, एकेका पेशीत दोन-तीन आणि आतले ठिपके ठळक दिसले, तर कर्करोगाचा संशय घ्यावा. पण इथेच खरी मेख आहे. जू घासून झालेली जखम भरून येताना शरीर अशाच पेशी तयार करते, आणि वाढीच्या भरात त्यांचीही केंद्रके मोठी दिसतात. त्यामुळे खांद्याच्या गाठीत चातीसारख्या पेशी सापडल्या, तर नुसत्या सुईवर निकाल देता येत नाही. गाठीचा तुकडा काढून तपासावा लागतो. १९८८ साली सुरू झालेले शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळ आहे. कुठे पाठवायचे ते आपल्या डॉक्टरांना विचारा.

निकाल येईस्तोवर बैल जुवाला लावू नये. गाडीवानाच्या अंगावर उचल असते, एकेक खाडा जड जातो, हे आम्ही जाणतो. तरी त्याच खांद्यावर ओझे ठेवले तर सूज आणि जखम वाढते, आणि पुढची तपासणीही अवघड होते.

तुकडा १० टक्के फॉर्मालिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रवात बुडवून द्यावा. काचपट्ट्या मात्र त्याच डब्यात ठेवू नयेत. फॉर्मालिनच्या वाफेने त्यांच्यावर रंग नीट चढत नाही. सोबत बैलाचे वय, गाठ कधीपासून आहे आणि आधी डाग दिला होता का, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे.