आजची भाकर आणि उद्यांचा हेतु

ह्या पाठाच्या तयारीसाठीं उपदेशक ३:९–१३, लूक १२:१६–२१ आणि फिलिप्पै ३:१२–१४ हे तीन भाग प्रत्येकानें घरीं वाचावे. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांस घरांतील मुलांनीं ते वाचून दाखवावे.

ख्रिस्ताकडे वळलेल्या मनुष्याच्या आयुष्यांतून पुष्कळ गोष्टी निघून जातात. नवस, अंगांत येणें, जत्रेंतील तमाशा, लग्नांतील दारू ह्यांचा तो निरोप घेतो, व तें योग्यच आहे. परंतु ह्यांबरोबर सर्व सुखच पापाचें ठरलें, असा ग्रह कितेकांच्या मनांत शिरतो. मग घरांत हंसणें थांबतें, सणाच्या दिवशींहि चुलीवर गोड कांहीं होत नाहीं, आणि बापाची चाहूल लागतांच मुलें गप्प बसतात. झाडून स्वच्छ केलेल्या पण रिकाम्या राहिलेल्या घराचा दृष्टांत प्रभूनें सांगितला आहे (लूक ११:२४–२६). वाईट सुख बाहेर घालविलें आणि त्याच्या जागीं चांगलें सुख आणिलें नाहीं, तर घर रिकामें राहतें. आणि त्या घरांतील मुलें मोठीं झालीं म्हणजे ज्या जत्रेपासून त्यांस राखिलें तिचीच वाट धरितात.

दुसऱ्या प्रकारचा मनुष्य उद्योगी असतो. कर्ज फेडावें, विहीर बांधावी, मुलास शिकवावें, हे त्याचे हेतु चांगले आहेत. पण तो म्हणतो, “हें एकदां होऊं द्या, मग मी घरच्यांबरोबर निवांत बसेन, मग उपासनेस येईन.” कर्ज फिटतें तों विहीर निघते, विहीर होते तों मुलीचें लग्न उभें राहतें. अशा रीतीनें वर्षें जातात, आणि ज्यांच्यासाठीं तो राबला त्यांची व त्याची धड ओळखहि होत नाहीं.

पहिल्यानें सुख टाकिलें, दुसऱ्यानें तें पुढें ढकलिलें. देवाच्या हातून आजचें देणें दोघांनींहि घेतलें नाहीं.

१. लहान सुख हें देवाचें देणें आहे.

उपदेशक पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायांत लेखक आपले वाडे, बागा, सोनेंरुपें व गाणारे ह्यांची मोजदाद करितो, आणि शेवटीं तें सर्व व्यर्थ आहे असें म्हणतो. तरी ह्याच १२ अध्यायांच्या पुस्तकांत तो पुनःपुन्हां (२:२४, ३:१३, ५:१८, ८:१५, ९:७) सांगतो कीं, मनुष्यानें अन्नपाणी आनंदानें घ्यावें व आपल्या श्रमांत समाधान मानावें, कारण हें देवाकडून आहे. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. जीं सुखें त्यास व्यर्थ वाटलीं तीं राजवाड्यांतलीं होतीं. जीं देवाचें देणें म्हणून त्यानें सांगितलीं तीं मजुराच्याहि घरीं सांपडतात : अन्न, पत्नीची सोबत, हातचें काम, आणि श्रम करणाऱ्याची गोड झोंप (५:१२).

तर मग चांगलें सुख ओळखावें कसें? तीन प्रश्न विचारावे. ह्या सुखाचें नांव घेऊन मला देवाचे आभार मानतां येतील काय? ह्यापायीं दुसऱ्या कोणाची भाकर जाते काय? हें संपल्यावर मला स्वच्छ मनानें कामास व प्रार्थनेस जातां येईल काय? पहिल्या पावसानंतरचा मातीचा वास, बांधावर बसून खाल्लेली कांदाभाकर, नुकतेंच पाऊल टाकूं लागलेलें लेकरूं, मंडळींत सर्वांनीं मिळून गाइलेलें गीत, हीं सर्व ह्या कसोटीस उतरतात. दारू तिहींपैकीं एकाहि प्रश्नापुढें टिकत नाहीं.

कोणी म्हणेल, ज्याच्या घरीं भाकरच नाहीं त्यास हा पाठ कसा सांगावा? त्यास आधीं पाठ सांगूं नये. आधीं भाकर न्यावी. उपाशी भावास नुसत्या गोड शब्दांनीं वाटेस लावणाऱ्याचा विश्वास किती पोकळ असतो, हें याकोबानें (२:१५–१७) दाखविलें आहे. पीक बुडालें व गोठा रिकामा झाला तरी मी देवाच्या ठायीं आनंद करीन, अशा अर्थाचें हबक्कूक संदेष्टा बोलतो (३:१७–१८) हें खरें. पण ज्याचा गोठा रिकामा त्यानेंच तें म्हणावयाचें आहे. ज्याचा गोठा भरलेला त्यानें तें शेजाऱ्यास ऐकवावयाचें नाहीं.

२. हेतु धरणें चांगलें, पण हेतूनें दिवस गिळूं नये.

लूकाच्या १२ व्या अध्यायांतील धनवान मनुष्यानें मोठीं कोठारें बांधण्याचें योजिलें, हा कांहीं त्याचा अपराध नव्हे. योसेफानेंहि मिसर देशांत धान्य सांठविलें होतें, आणि त्यानें पुष्कळांचे प्राण वांचले. पण हा मनुष्य बोलतो तो केवळ आपल्या जिवाशीं. त्याच्या बोलण्यांत देव नाहीं, शेजारी नाहीं आणि आजचा दिवसहि नाहीं. कोठारें झालीं म्हणजे सुख करूं, असें तो म्हणतो. आणि त्याच रात्रीं त्याचा जीव मागितला जातो.

पौलाचेंहि उदाहरण पाहा. फिलिप्पैकरांस पत्र लिहिलें तेव्हां तो बंदिवासांत होता. तिसऱ्या अध्यायांत तो शर्यतींत धांवणाऱ्याप्रमाणें पुढील लक्ष्याकडे झेपावतो. चौथ्यांत, भरपूर असो वा उणें असो, आपण तृप्त राहावयास शिकलों आहों, असें सांगतो. झेप आणि तृप्ति हीं दोन्ही एकाच हृदयांत राहिलीं. आणि तृप्ति ही आपणांस शिकावी लागली असें तो म्हणतो, हें सेवकांनीं मंडळीस विशेष समजावून द्यावें.

३. एक उदाहरण.

मराठींतील आरंभीच्या ख्रिस्ती पुस्तकांशीं विल्यम केरी ह्यांचें नांव जोडलेलें आहे. ते १७६१ सालीं इंग्लंडांत जन्मले, चांभाराचा धंदा शिकले, आणि १७९३ सालीं बंगाल्यांत आले. पुढच्याच वर्षीं त्यांचा पांच वर्षांचा मुलगा वारला. पहिल्या बंगाली मनुष्याचा बाप्तिस्मा होण्यास १८०० सालचा डिसेंबर उजाडला. म्हणजे सात वर्षें वाट पाहावी लागली. कलकत्त्याजवळील श्रीरामपूर येथून १८०५ सालीं त्यांचें मराठी व्याकरण निघालें, आणि १८११ सालीं मराठी नवा करार छापला गेला. १८१२ च्या मार्च महिन्यांत तेथील छापखान्यास आग लागून कागद, खिळे व वर्षांच्या श्रमांचीं हस्तलिखितें जळालीं. वितळलेल्या धातूचे पुन्हां खिळे ओतण्यांत आले, आणि केरी पुन्हां पहिल्या पानापासून भाषांतरास बसले.

असा मोठा हेतु धरणाऱ्या ह्या मनुष्याचें एक लहान सुख होतें : त्यांची बाग. इंग्लंडाहून बियांची एक पिशवी आली असतां तिच्यांत राहिलेली माती त्यांनीं एका सावलीच्या जागीं झाडून टाकिली. कांहीं दिवसांनीं तेथें डेझी नांवाचें, त्यांच्या मायदेशीं रानोमाळ उगवणारें, क्षुद्र असें फूल उगवलें. तें पाहून ह्या थोर पंडितास मुलासारखा हर्ष झाला, आणि पुढें त्यांनीं तें जतन करून वाढविलें. १८२३ सालीं नदीच्या पुरानें बाग उद्ध्वस्त केली, तेव्हां त्यांनीं ती पुन्हां लाविली. भाषांतर संपल्यावर बाग करूं, असें ते म्हणत बसले नाहींत. त्या फुलापाशीं घालविलेल्या घटकेनें काम थांबलें नाहीं. उलट थकलेल्या मनास पुन्हां लेखणी धरण्याचें बळ मिळालें असेल, असें आपण सहज समजूं शकतों.

४. घरीं काय करावें?

पहिलें : रात्रीं जेवणापूर्वीं घरांतील प्रत्येकानें, लहान मुलानेंसुद्धां, त्या दिवसाच्या एका सुखाचें नांव घेऊन देवाचे आभार मानावे. “सर्व आशीर्वादांसाठीं” एवढें म्हणून थांबूं नये; नांव घ्यावें.

दुसरें : वर्षाचा एकच हेतु धरावा आणि तो आठवड्याच्या मापानें मोडावा. ज्यास वाचन सुधारावयाचें आहे त्यानें मार्ककृत शुभवर्तमान घ्यावें. त्याचे अध्याय १६ आहेत. आठवड्यास एक अध्याय नीट वाचावयास शिकला, तर चार महिन्यांच्या आंत पुस्तक पुरें होतें. कर्ज फेडावयाचें असल्यास आठवड्याच्या बाजारच्या दिवशींच कांहीं पैसे वेगळे काढावे, मग ते कितीहि थोडे असोत.

तिसरें : प्रत्येक बेतापुढें ‘प्रभूची इच्छा असल्यास’ हे शब्द मनापासून ठेवावे (याकोब ४:१३–१५). ह्यानें मनुष्य आळशी होत नाहीं. बेत मोडला तरी आपण मोडत नाहीं, एवढेंच ह्यानें साधतें.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न : ख्रिस्ताकडे आल्यावर कोणतें सुख आम्हीं सोडिलें, आणि त्याच्या जागीं मुलांस काय दिलें? कोणती गोष्ट ‘मग करूं’ म्हणून आम्ही पुढें ढकलीत आहों? ह्या आठवड्यांत कोणाच्या घरीं भाकर पोंहोंचविली पाहिजे?

हे स्वर्गीय पित्या, आजचें देणें आज ओळखण्यास आम्हांस डोळे दे, आणि उद्यांचें काम तुझ्या हातीं सोंपवून निजण्यास धीर दे. आमेन.