रबर घ्यायचं की सिलिकॉन? डाय बनवायच्या आधी विचारायचे चार प्रश्न



समजा, खडकीतल्या एका वर्कशॉपमधून तुम्हाला पहिली ऑर्डर आली: डिझेल फिल्टरच्या झाकणाखाली बसणारी रिंग, हजार नग. तुम्ही म्हणालात, "सिलिकॉन महाग आहे, म्हणजे चांगलंच असणार." डाय बनली, माल गेला. दोन महिन्यांनी फोन येतो, "साहेब, रिंगा फुगल्यात, डिझेल गळतंय." हजार नग परत आणि डायचा खर्च अंगावर. चूक एकच झाली: मटेरियल कामावरून नाही, किमतीवरून निवडलं.

उदाहरण मुद्दाम इंजिनाचं घेतलं. १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्समुळे डिझेल इंजिन आणि खडकी हे नातं जुनं आहे. कुठलंही डिझेल इंजिन बघा, सगळीकडे एकच रबर चालत नाही. आपणही प्रत्येक भागासाठी हे चार प्रश्न विचारायचे.

१. भागाला काय लागणार आहे?
डिझेल, पेट्रोल, ऑइल लागणार असेल तर नायट्राइल रबर. साधं सिलिकॉन डिझेल-पेट्रोलमध्ये फुगतं. पाणी, कूलंट, ऊन-पाऊस असेल तर ईपीडीएम रबर. पण ईपीडीएमला ऑइलचं वावडं आहे, हे विसरू नका.

२. किती तापणार आहे?
ढोबळ मानाने सतत वापरात नैसर्गिक रबर ७०-८० अंश सेल्सिअसपर्यंत, नायट्राइल १०० पर्यंत, ईपीडीएम १३० च्या आसपास, तर सिलिकॉन २०० अंशांपर्यंत टिकतं. कडक थंडीतही सिलिकॉन मऊ राहतं. ओव्हनच्या दाराचं सील करायचं असेल तर सिलिकॉनच घ्या.

३. ओढ, घर्षण, धक्के किती?
इथे नैसर्गिक रबर बाजी मारतं. मशीनखालचे पॅड त्याचेच चांगले. सिलिकॉनला एकदा चीर गेली की ती पटकन पुढे फाटत जाते.

४. खाण्या-पिण्याशी संबंध आहे का?
"खाण्याचं म्हणजे सिलिकॉनच" हा गैरसमज आहे. आपल्या कुकरची रिंग बघा, ती रबरी असते. तिच्यासाठी आयएस ७४६६ हे वेगळं भारतीय मानक आहे. रबर असो की सिलिकॉन, सप्लायरकडून फूड ग्रेडचं सर्टिफिकेट लेखी घ्या. तोंडी भरवशावर माल उचलू नका.

आधी मटेरियल, मग डाय

मोल्डिंगनंतर भाग थंड होताना आकसतो. रबर साधारण दीड-दोन टक्के, सिलिकॉन दोन ते चार टक्के. म्हणजे रबरासाठी केलेल्या डायमध्ये सिलिकॉन ओतलं, तर १०० मिलिमीटरची रिंग एक-दोन मिलिमीटर लहान निघू शकते. मग ती बसणारच नाही. त्यामुळे मटेरियल नक्की झाल्याशिवाय डायचा अॅडव्हान्स देऊ नका.

जॉब वर्क करून घेत असाल तर आणखी एक गोष्ट विचारा: "सिलिकॉनसाठी मिक्सिंग रोल वेगळे आहेत का?" रबरातलं गंधक प्लॅटिनम-क्युअर सिलिकॉनला लागलं, तर ते नीट पिकत नाही, चिकट राहतं.

कोटेशनही किलोच्या भावावर तोलू नका. नगाचा भाव काढा आणि रिंग बदलायला ग्राहकाची मशीन किती वेळ बंद राहील, तेही धरा. स्वस्त रिंग दर तीन महिन्यांनी बदलावी लागली, तर ती महागच पडली.

या आठवड्याचा गृहपाठ

• सप्लायरकडून दोन-तीन मटेरियलचे तुकडे मागवा. वजन आणि जाडी वहीत लिहा. भाग ज्या द्रवात राहणार आहे, त्यातच तीन दिवस बुडवून ठेवा. मग पुसून पुन्हा मोजा. फुगलेलं मटेरियल यादीतून बाद.
• सिलिकॉनच मिळालंय का, अशी शंका असेल तर कोरडा, डिझेल न लागलेला छोटा तुकडा मोकळ्या जागेत चिमट्यात धरून जाळा. सिलिकॉनची पांढरी राख उरते. रबर बहुधा काळा धूर आणि काजळी सोडतं.
• ऑर्डरवर नुसतं "रबर" लिहू नका. मटेरियलचं नाव, शोर ए हार्डनेस, तापमान आणि लागणारा द्रव, चारही गोष्टी लिहा.

तीन दिवस आणि चार तुकडे, एवढ्यात हजार नगांचं नुकसान वाचू शकतं. करून बघा. भेटूया पुढच्या भागात!