प्रथिनावरचा ‘रद्द’ शिक्का आणि आतड्याचा कर्करोग



प्रथिनं म्हटलं की आपण मुलांना डाळ, अंडी, दूध सांगतो आणि पुढचा धडा घेतो. पण शरीराच्या पेशी स्वतःही प्रथिनं तयार करतात, आणि पेशीतली बरीचशी कामं तीच करतात. तयार झाल्यावरही त्यांच्यात बदल होत राहतात. कधी फॉस्फेटचा छोटासा गट जोडला जातो, तर कधी दुसरं छोटं प्रथिन चिकटतं. ते प्रथिन काम करणार की मोडीत निघणार, हे बऱ्याचदा या जोडणीवर ठरतं.

मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर साधारण 4-5 दिवसांत नवं होतं. म्हणजे तिथे पेशींची वाढ सतत चालू! ‘वाढा’ असा आदेश पोचवणारं एक प्रथिन आहे, बीटा-कॅटेनिन. आदेश नको असतो तेव्हा त्यावर आधी फॉस्फेट बसतो, मग युबिक्विटिन चिकटतं. हा झाला ‘रद्द’चा शिक्का. शिक्का बसलेल्या प्रथिनाचे प्रोटिओसोम नावाच्या यंत्रणेत तुकडे होतात. युबिक्विटिनचं हे काम उलगडणाऱ्या चिकॅनोव्हर, हर्शको आणि रोझ यांना 2004 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

शिक्का मारायला एपीसी हे प्रथिन हजर लागतं. मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत नेमकं त्याचंच जनुक बिघडलेलं आढळतं. मग शिक्का बसत नाही, बीटा-कॅटेनिन साचतं, केंद्रकात शिरतं आणि वाढीचा आदेश चालूच राहतो. (जुना जीआर रद्द झालाय हे कळलंच नाही तर शाळेत काय होतं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.)

कुणी विचारेल, मग डाळ-अंडी बंद करायची का? मुळीच नाही. खाल्लेली प्रथिनं पचून त्यांची अमिनो आम्लं होतात. या शिक्क्याशी त्यांचा संबंध नाही.

वाढलेल्या पेशींचा आधी कोंब होतो, त्याला पॉलिप म्हणतात. प्रत्येक पॉलिपचा कर्करोग होत नाही. ज्याचा होतो त्यालाही आणखी जनुकं बिघडावी लागतात, आणि त्यात बहुधा वर्षानुवर्षं जातात. तेवढ्या काळात दुर्बिणीच्या तपासणीत पॉलिप काढून टाकता येतो. म्हणून शौचातून रक्त गेलं की ‘मूळव्याध असेल’ म्हणून घरीच बसू नये.

काही घराण्यांत एपीसीचा बिघाड जन्मतःच येतो. आई किंवा वडिलांत तो असेल तर प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी असते. अशा मुलांत किशोरवयातच पॉलिप दिसू लागतात, म्हणून त्यांची तपासणीही त्याच वयात सुरू करतात.