परसांतील द्राक्षवेल : काडी फुटते, पण मूळ धरते काय?

द्राक्षवेलीची लागवड बियांपासून करूं नये, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. बियांचीं रोपें मूळ वेलीच्या गुणांवर जात नाहींत, आणि थॉमसन सीडलेससारख्या जातींत तर पेरण्याजोगें बीच नसतें. काडीपासून केलेली वेल मात्र गुणांनीं मूळ वेलीसारखीच निघते. असें असतांही परसांत काड्या लावणाऱ्यांची एक तक्रार नेहमीं आमच्या कानीं येते : काडी फुटली, चार पानें आलीं, उचलून खड्ड्यांत लावली आणि आठ दिवसांत वाळली.

यांत दोष बहुधा खताचा नसतो कीं पाण्याचा नसतो. डोळा फुटणें हें मूळ धरल्याचें लक्षण नव्हे. पक्व काडींत पिष्टसत्त्वाचा सांठा असतो. त्या शिदोरीवर डोळा फुटून पानें येतात. मुळें पुष्कळदां त्यामागून सुटतात. मधल्या काळांत पानांवाटे पाणी उडून जात असतें आणि तें भरून काढणारें खालीं कांहीं नसतें. अशा वेळीं काडी हालविली कीं ती गेलीच.

म्हणून काडीची शिदोरी भरपूर पाहिजे. नाशिक व सांगलीकडे ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी होते, तेव्हां छाटलेल्या काड्या मागितल्यास सहज मिळतात. पण फुकट म्हणून कोणतीही उचलूं नये. काडी तपकिरी, पेन्सिलीइतकी जाड व बारीक गाभ्याची असावी. हिरवट, लवचीक काडी टाकून द्यावी. चांगली वेल फाल्गुनांतच, घड लागलेले असतां, हेरून तिला सुतळी बांधून ठेवावी. काडीबरोबर वेलीचा विषाणुरोगही घरीं येतो. तेव्हां कडा खालीं वळून पानें गुंडाळणाऱ्या वेलीची काडी कितीही पुष्ट दिसली तरी घेऊं नये.

काडी चार डोळ्यांची, नऊ ते बारा इंच लांब घ्यावी. खालचा काप डोळ्याच्या लगत खालीं सरळ द्यावा, वरचा डोळ्याच्या इंचभर वर तिरपा. हा भेद शोभेकरितां नव्हे. काडी उलटी लागूं नये म्हणून. दुकानांत मिळणारी मुळें फुटण्याची भुकटी बुडख्यास लावल्यास मुळें अधिक सुटतात. पोयटा, वाळू व कुजलेलें शेणखत सारखें घेऊन भोंकें पाडलेल्या पिशव्यांत भरावें, दोन डोळे मातींत व दोन वर ठेवून माती दाबावी आणि पिशव्या विरळ सावलींत ठेवाव्या. ओल असावी, चिखल नसावा. मुळांस हवाही लागते.

पुढें दोन-तीन महिने धीर धरावा. काडी उपटून पाहण्याचा मोह वाईट. कोंवळीं मुळें तुटतात. पिशवीच्या भोंकांतून पांढरीं मुळें डोकावूं लागलीं आणि दुपारच्या उन्हांतही शेंडा ताठ राहूं लागला, म्हणजे मातीच्या गोळ्यासकट खड्ड्यांत लावावी.

एक गोष्ट आणखी. आज महाराष्ट्रांतील पुष्कळ बागा डॉगरिजच्या खुंटावर असतात, कारण तो खुंट पाण्याचा ताण व क्षार अधिक सोसतो. अशा कलमी वेलीची वरची काडी लावली तर तिला स्वतःचींच मुळें फुटतात. खुंटाचा गुण तींत उतरत नाहीं. गोड पाण्याच्या परसांत यानें कांहीं बिघडत नाहीं. ज्यांच्या विहिरीचें पाणी मचूळ आहे, त्यांनीं मात्र डॉगरिजचीं मुळें धरलेलीं रोपें आणून लावावीं व पावसाळ्याअखेर त्यांवर आवडीच्या जातीचें पाचर कलम बांधावें. डॉगरिजची काडी मूळ धरण्यास हट्टी असते. तिच्यावर पहिला हात बसविण्याच्या भरीस नवशिक्यानें पडूं नये.