महालक्ष्मीच्या जेवणानंतर उरलेल्या अन्नाची निगा

नागपूर व आसपासच्या जिल्ह्यांत भाद्रपद महिन्यात महालक्ष्मींचा सण तीन दिवस चालतो. दुसऱ्या दिवशी ज्येष्ठा नक्षत्रावर पुरणपोळी, सोळा भाज्या, आंबील, कढी व भात असा नैवेद्य होतो. अनेक घरी स्वयंपाक सकाळीच सिद्ध होतो आणि पंगती रात्रीपर्यंत चालतात. प्रसाद टाकू नये, या भावनेने उरलेले अन्न दुसऱ्या दिवशीही खाल्ले जाते. ही भावना योग्यच आहे. परंतु अन्न वेळीच सांभाळले नाही तर तेच घरातील मुलांच्या व वृद्धांच्या जिवावर बेतू शकते.

अन्न बिघडविणारे जंतू साधारणपणे ५ ते ६० अंश सेल्सिअस उष्णतामानात वाढतात. आपले स्वयंपाकघर दिवसरात्र याच मर्यादेत असते. उन्हाळ्यात ओले फडके गुंडाळलेले भांडे गार राहते. भाद्रपदातील दमट हवेत पाणी सावकाश वाळते, म्हणून तो उपाय फारसा उपयोगी पडत नाही.

वास आला नाही म्हणजे अन्न चांगले व उकळले म्हणजे दोष गेला, असे दोन समज रूढ आहेत. दोन्हींवर विसंबू नये. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. ते शिजविल्यानेही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात व विष तयार करतात. वांती घडविणारे हे विष पुन्हा तापविल्याने नष्ट होत नाही. म्हणून अन्न तापविण्यापेक्षा ते वेळेवर गार करणे अधिक महत्त्वाचे आहे.

त्यासाठी पुढील दक्षता घ्यावी.

१. सर्व भात एकदम न शिजविता पंगतीगणिक शिजवावा. वरण व कढी वाढीपर्यंत मंद आचेवर कढत ठेवावी.

२. उरलेले अन्न आचेवरून उतरविल्यापासून दोन तासांच्या आत, आणि उकाडा फार असल्यास एका तासात, फ्रीजमध्ये जावे. मोठ्या पातेल्यातील अन्नाचा मध्यभाग कित्येक तास गरम राहतो. म्हणून भात व पुरण परातीत पसरून, वरण उथळ भांड्यांत ओतून निववावे.

३. अन्न हाताने न घेता स्वच्छ डावाने काढावे. ताटात वाढलेले अन्न परत पातेल्यात टाकू नये.

४. आंबील, कढी व चिंचेचे पदार्थ कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नयेत.

५. फ्रीज नसल्यास त्याच दिवशी शेजारीपाजारी वाटून द्यावे.

फ्रीजमधील भात दुसऱ्याच दिवशी फोडणी देऊन, वाफ निघेपर्यंत परतून संपवावा. वरण घालून कणीक भिजवावी व तिचे धपाटे करावेत. भाज्या थालीपिठात खपतात. पदार्थ एकदाच तापवावा, तोही लागेल तेवढाच.

उरलेले अन्न गोठ्यात नेण्याची चाल मात्र फार जपून पाळावी. रवंथ करणाऱ्या जनावराने भात, पुरण वा पोळ्या एकदम अधिक खाल्ल्यास पोटात आम्लता वाढते, रवंथ बंद पडतो व जनावर दगावू शकते. पोळ्याच्या दिवशी बैलांना घास भरवितानाही हे स्मरणात ठेवावे. चाऱ्याबरोबर घासभर ताजे अन्न पुरे. नासलेले अन्न जनावरास मुळीच न घालता खताच्या खड्ड्यात टाकून मातीने झाकावे. त्याचे खत होऊन ते पुन्हा शेतासच मिळेल.