या वयात काय शिकायचं?

प्रश्न : माझं वय ४७, शिक्षण सातवी. चार एकर सोयाबीन मीच बघते. कृषी विज्ञान केंद्रात प्रशिक्षण आहे. घरचे म्हणतात, आता शिकून काय करणार? जाऊ का?
– एक शेतकरी महिला, लातूर जिल्हा

उत्तर : ताई, जरूर जा. पेरणी, खुरपणी, काढणी तुम्ही करता आणि बियाण्याची माहिती मात्र दुकानदार घरातल्या पुरुषाला देतो, हे मला फार खटकतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. देशी बियाणं जपता जपता शिकत राहिल्या आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

सुरुवात घरच्या बियाण्यापासून करा. न निवडता शंभर दाणे घ्या, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, दुसरं ओलं गोणपाट झाकून गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. ओल टिकवा. आठवडाभराने निरोगी कोंब मोजा. सत्तर किंवा जास्त असतील तर एकरी तीस किलो पुरे. कमी असतील तर त्या प्रमाणात बियाणं वाढवा. सोयाबीनचं साल नाजूक असतं, पोती आपटली की उगवण घटते. हमालालाही बजावा.

प्रशिक्षणाला जाताना माती परीक्षणाची पत्रिका असेल तर सोबत न्या आणि आपल्याच शेताबद्दल विचारा.

सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का? नसेल आणि जमीन पतीच्या नावावर असेल, तर लक्ष्मी मुक्ती योजनेतून सहधारक म्हणून लावता येतं. त्यासाठी पतीचा अर्ज लागतो. तलाठ्याकडे चौकशी करा.